सोनखांब शाखेचा बंध

सुलभा तांडेलने शेगडीवर पेज ठेवली, शाळेत शिकवायला जाताना न्यायच्या डब्यात घावन दुमडून भरले आणि वडिलांच्या अंघोळीसाठी पाणी काढले. रमाकांत तांडेल बाहेर पायरीवर उन्हात बसले होते. पहिली पोचगाडी अंडी घेऊन आली. चालक नसलेल्या, कमरेएवढ्या उंचीच्या या गाड्या पठारनगरात घरोघर सामान नेत. गाडी पायरीशी थांबली आणि सौम्य आवाजात म्हणाली, “रमाकांत तांडेल, सोनखांब. आपली वस्तू आली आहे.” अंडी काढून घेताना रमाकांतांनी आत ऐकू जाईल अशा बेताने तिला सांगितले, की आमच्या जावयाने एवढ्या आदराने माझे नाव घेतले असते तर त्याचा संसार टिकला असता. नवऱ्यापासून वेगळी झालेली सुलभा आतल्या आत हसली.

दुसरी पोचगाडी आली तेव्हा ती पेजेत मीठ घालत होती. तेच वाक्य, तोच आवाज. वडील पुन्हा उठल्याची चाहूल लागली. मग गाडीचे झाकण उघडले आणि पेटते इंधन पायरीवर, भिंतीवर आणि रमाकांतांच्या अंगावर उडाले.

सुलभाने त्यांना घोंगडीत गुंडाळले. सदरा सोडवू गेली तर सदऱ्याबरोबर कातडी निघाली. गल्लीत एकामागून एक गाड्या शिरत होत्या आणि प्रत्येक दारात वेगळे नाव पुकारत होत्या. समोरच्या घरातली बाळंतीण परसात पळाली, तर तिचे नाव घेणारी गाडी वळून परसात गेली. शेजाऱ्यांनी रमाकांतांना खाटेसकट उचलले. मागून जाणाऱ्या सुलभाच्या आणि त्यांच्यामध्ये जळते छप्पर कोसळले. धूर ओसरला तेव्हा खाट कोणत्या वाटेने गेली, हे सांगायला कोणी उरले नव्हते.

तासाभराने पोलिसांनी सुलभाला नामसेवेच्या केंद्रात आणले.

नामसेवा हे पठारनगराचे मर्म होते. तिची कल्पना जुनी होती. संगणकाच्या जावा भाषेतले ॲप्लिकेशन सर्व्हर, म्हणजे अनेक प्रोग्रॅम एकत्र चालवणाऱ्या यंत्रणा, बांधणाऱ्यांना एके काळी एक अडचण येई. एका प्रोग्रॅमला दुसऱ्याचे काम पडे, पण तो दुसरा कोणत्या यंत्रावर आहे हे कायम बदलत राही. म्हणून त्यांनी मध्ये एक सेवा ठेवली. प्रत्येकाने आपले नाव तिथे नोंदवायचे, आणि ज्याला गरज असेल त्याने पत्ता लक्षात न ठेवता फक्त नाव विचारायचे. नाव आणि ठिकाण यांच्यातल्या या गाठीला ‘बंध’ म्हणत. नावे झाडासारखी, फांद्यांवर लावलेली असत. डॉ. शर्वाणी बोंद्रे यांनी हीच रचना माणसांना लागू केली. प्रत्येकाच्या मनगटाखाली तांदळाएवढा एक कण बसवला आणि त्या कणाशी त्याचे नाव बांधले. तेव्हापासून औषध, पत्र, रुग्णवाहिका हे सारे घराकडे न जाता माणसाकडे जाऊ लागले, मग माणूस कुठेही असो.

समुद्राने किनारा गिळल्यावर सोनखांबचे लोक पठारावर वसवले गेले. गाव पाण्याखाली गेले होते. निदान नावात तरी ते राहू द्या, अशी त्यांनी विनंती केली, आणि शर्वाणीबाईंनी बुडालेल्या गावाच्या नावाची एक शाखा निर्माण केली. गावाला एकदम मदत पाठवता यावी म्हणून ‘या शाखेतील प्रत्येकास’ असा आदेश देण्याची सोयही ठेवली. ती सुलभानेच मागितली होती, कारण गावाने तिला शाखेची जबाबदारी सांभाळणारी शाखापाल म्हणून निवडले होते. पुढे पठारावरचे पाणी आटू लागले, तसे मूळ रहिवाशांचे बोलणे बदलले; हे बाहेरचे लोक आपले पाणी पितात, असे ते म्हणू लागले. आज सकाळी कोणीतरी हजारो पोचगाड्यांमध्ये इंधन भरले आणि एकाच ओळीचा आदेश दिला: ‘सोनखांब शाखेतील प्रत्येकास’. भरणाऱ्यांमध्ये सुलभाला किराणा देणारा वाणीही होता.

केंद्रात शर्वाणीबाई उभ्याच होत्या. त्यांच्या केसांत राख अडकली होती. सुलभाने पहिला प्रश्न वडिलांचा विचारला.

“ते जिवंत आहेत,” शर्वाणीबाई म्हणाल्या. “कणाला नाडी लागते आहे. एक रुग्णवाहिका त्यांच्याकडे निघाली आहे.”

“कुठे आहेत ते?”

“ते मला दिसत नाही.”

“तुम्हीच बांधलंत ना हे सगळं?”

“म्हणूनच दिसत नाही. कोण कुठे आहे हे कोणत्याही माणसाला कळू नये, सरकारलासुद्धा, म्हणून मी तसं बांधलं. उत्तर फक्त गाडीला मिळतं. आणि कोण विचारतंय हे सेवा कधीच बघत नाही. बघितलं असतं, तर कोणी कोणाची चौकशी केली याचा हिशेब राहिला असता.”

सुलभाला समजायला वेळ लागला नाही. ती वर्गात मुलांना विचारते तशा स्वरात तिने विचारले, म्हणजे रुग्णवाहिका आणि ती आगीची गाडी, दोघींचा प्रश्न एकच? शर्वाणीबाईंनी मान हलवली. दोघींना एकच उत्तर, तितक्याच तत्परतेने.

गाड्या खासगी होत्या, स्वतः चालणाऱ्या, आणि दिलेला आदेश केंद्राला मागे घेता येत नव्हता. पोलीस त्या एकेक फोडत होते आणि तेवढ्या वेळात दहा पुढे जात होत्या. उपाय एकच होता. सोनखांब शाखा तोडायची. उत्तर मिळाले नाही की गाडी जागच्या जागी थांबते, आगीचीही आणि रुग्णवाहिकाही. लोक आता उसाच्या शेतांत, खाणींत, कोणाच्या माळ्यावर लपले होते. तुटलेला बंध पुन्हा बांधायला त्या माणसाला शुद्धीवर राहून स्वतःचे नाव उच्चारावे लागे. जे बेशुद्ध होते ते त्यानंतर कोणालाच सापडणार नव्हते.

“बेशुद्ध किती आहेत?”

“पुष्कळ. तुमचे वडील त्यांच्यात आहेत.”

शाखा तोडायला दोन तळवे लागत, एक केंद्राचा आणि एक शाखापालाचा. म्हणूनच तिला इथे आणले होते. सुलभा तळवा ठेवायच्या काचेच्या पट्टीकडे बघत राहिली. तिच्या नखांत वडिलांच्या सदऱ्याचा काळा धागा होता.

“एक नाव ठेवता येईल का?” तिने शेवटी विचारले. “बाकीची तोडा. ती गाडी आप्पांपर्यंत पोचेपर्यंत फक्त त्यांचं ठेवा.”

“येईल,” शर्वाणीबाई म्हणाल्या. “पण आदेश शाखेतल्या प्रत्येकासाठी आहे. शाखेत एकच नाव उरलं, तर सगळ्या गाड्या त्या एका नावाकडे वळतील. त्यांच्याजवळ खाट उचलणारी माणसं आहेत. तीही जळतील.”

सुलभाने विचारले, रुग्णवाहिका आधी पोचेल की नाही. शर्वाणीबाईंनी खरे तेच सांगितले, की ते सांगता येत नाही.

“तुम्ही फार चांगल्या मनाने बांधलंत हो हे,” सुलभा म्हणाली. तिच्या आवाजात राग होता की नव्हता, हे शर्वाणीबाईंना पुढेही कधी ठरवता आले नाही.

खिडकीखालून दोन पोचगाड्या एकीमागे एक शिस्तीत गेल्या. लांब कुठेतरी एक आवाज कोणाचे तरी नाव घेत होता. ते ऐकताच सुलभाचे ओठ हलले. त्या घरातली मुलगी तिच्या वर्गात होती.

“सगळी तोडा,” ती म्हणाली. “आप्पांचं पण.”

शर्वाणीबाईंनी विचारले, थोडा वेळ हवा आहे का. सुलभाने नाही म्हटले. तिने पदराने तळवा पुसला, राख नीट निघाली की नाही ते पाहिले आणि हात काचेवर ठेवला. शेजारी शर्वाणीबाईंनी आपला हात ठेवला. रस्त्यावरचा आवाज नावाच्या मधोमध थांबला. शाखेत सुलभाचेही नाव होते; काचेने ते ओळखणे सोडेपर्यंत तिने तळवा तसाच राहू दिला.