तीन आणि एक

माझं नाव हरिश्चंद्र. बारशाला जमलेल्या बायकांना पुढचं काय ठाऊक! आखातातल्या फहाहीलच्या मराठी मंडळींत माझी ओळख थापाड्या अशी आहे, आणि ती मी कष्टानं मिळवली आहे. गळाला लागलेल्या हमूर माशाच्या पोटात कुणाचं तरी सिव्हिल आयडी निघालं, आणि तेही मुदत संपलेलं, ही गोष्ट माझी. अहमदीच्या रस्त्यावर उंटानं लिफ्ट मागितली, तीही माझीच. उंट मागच्या सीटवर बसला म्हणून सांगतो. पुढे बसला म्हटलं असतं तर कुणाला पटलं नसतं.

शुक्रवारी दुपारी आमच्या चौथ्या मजल्यावर चार घरची माणसं जमतात. खाली समुद्र, बाहेर एकोणपन्नास डिग्री, आत एसीची घरघर आणि शामलाचे पोहे. शामला माझी बायको. इथल्याच एका क्लिनिकच्या लॅबमध्ये नोकरीला आहे. पोहे संपले की शेजारचा राजाभाऊ म्हणतो, "हऱ्या, मेक्सिको काढ." हल्ली त्याच गोष्टीला मागणी आहे. ती शुक्रवारी सांगतो तशीच आधी लिहितो. शुक्रवारी जे गाळतो ते शेवटी.

आधी माझा धंदा सांगायला हवा. मीना अल-अहमदीला रिफायनरीत मी बत्तीस वर्षं सेफ्टीत आहे. सुरुवात होल वॉच म्हणून केली. दुरुस्तीचा शटडाउन लागला की माणसं मॅनहोलमधून रिकाम्या टाक्यांत उतरतात. तोंडाशी एक जण वही घेऊन बसतो, तो होल वॉच. आत जाणारा त्याच्याकडे आपलं पितळी टोकन देतो, बाहेर आला की परत घेतो. शेवटचं टोकन ज्याचं त्याच्या हातात गेल्याशिवाय झाकण लावायचं नाही. वही काही म्हणो, मॅनेजर काही म्हणो. दुसरा नियम असा, की आत दिवा गेला तर ओरडायचं नाही. तोंडावर मास्क असतो, बाहेर काही कळत नाही. भिंतीवर ठोकायचं. तीन, थांबून एक. बत्तीस वर्षांत माझ्या हातून एकही झाकण चुकीचं लागलं नाही. ही थाप नाही.

मागच्या ईदची सुट्टी जोडून आम्ही चौघं ह्यूस्टनला राजाभाऊच्या मुलाकडे गेलो होतो. मी, शामला, राजाभाऊ आणि त्याची बायको चारुशीला. राजाभाऊ पुण्याचा, पंपांचा इंजिनियर. पंप सोडून कशावरही त्याचा विश्वास नाही. चारुवहिनींनी शोध लावला, की पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असला की मेक्सिकोत वेगळा लागत नाही. झालं! कानकुनला उतरलो, गाडी भाड्यानं घेतली आणि तीन दिवस किनाऱ्यानं दक्षिणेकडे गेलो.

चौथ्या दिवशी परतत होतो. रात्रीचं विमान होतं. रस्ता सरळसोट, दोन्हीकडे बुटकं दाट रान, मधूनच खारफुटीचं काळं पाणी. गावागावात असे उंच स्पीडब्रेकर, की गाडीचं पोट घासायचं आणि राजाभाऊच "आई गं" म्हणायचा. तारांवर गिधाडं बसलेली, कडेला शहाळीवाले.

"गुहागरला आल्यासारखं वाटतंय हो," शामला म्हणाली. "गिधाडं तेवढी जास्त."

आणि वास. किनाऱ्यावर तपकिरी शेवाळाचे ढीग कुजत पडले होते, त्यांचा सडक्या अंड्यांचा वास. लोकांना तो शेवाळाचा वास. आम्हा रिफायनरीवाल्यांना तो विषारी गॅसचा. राजाभाऊनं काच चढवली. मी सवयीनं वारा कुठून येतोय ते बघितलं.

"सुट्टीत तरी नाक घरी ठेवायचं," शामला म्हणाली.

एका फाट्यावर हातानं रंगवलेली पाटी दिसली. पायऱ्यापायऱ्यांचं देऊळ काढलेलं. माया लोकांचे अवशेष. मोठी ठिकाणं बघून झाली होती, गर्दीत तुडवून घेऊन झालं होतं. इथे एकही बस नव्हती. गाडी कडेला लावली आणि झाडीतून पाचेक मिनिटं चालत गेलो. चुनखडीचा उंच चौथरा, त्यावरून झाडाची मुळं उतरलेली. वर चढायला बंदी. पायथ्याशी कमरेएवढं दार आणि आत वाकून जायचा बोगदा. बोगदा जिथे संपतो त्या भिंतीवर लाल रंगात हातांचे ठसे आहेत, असं चारुवहिनींनी फोनवर वाचून दाखवलं. दाराशी एक म्हातारा पहारेकरी, मांडीवर वही. मला हसूच आलं. माझाच धंदा!

माझे गुडघे वाकत नाहीत. "तुम्ही जा, मी होल वॉच," मी म्हटलं. "चला, टोकनं काढा."

राजाभाऊनं टोपी दिली. चारुवहिनींनी चष्म्याचं घर दिलं. शामलाच्या बांगडीत कायम दोन सेफ्टी पिना असतात. त्यातली लाल दोरा गुंडाळलेली काढून तिनं माझ्या तळहातावर ठेवली.

"हरवू नका. तीच धड आहे."

"आणि दिवा गेला तर?" मी दटावून विचारलं.

"तीन आणि एक," तिघं शाळेतल्या पोरांसारखी म्हणाली आणि वाकून एकामागून एक आत गेली. टॉर्च राजाभाऊकडे. म्हाताऱ्यानं वहीत तीन उभ्या रेघा ओढल्या.

दहा मिनिटं झाली. झाडीत एकही पक्षी बोलत नव्हता. दारातून गार हवा येत होती, फ्रीज उघडल्यावर येते तशी, आणि तिला तोच वास होता. समुद्र तिथून ऐकूसुद्धा येत नव्हता.

राजाभाऊ बाहेर आला तो घामानं निथळत. "बघितले हात. लहान मुलांचे वाटतात," म्हणाला आणि टोपी घेतली. मागून आलेल्या वहिनींनी चष्म्याचं घर घेतलं. शामला शेवटी आली. माझ्याकडे बघून हसली आणि सरळ गाडीच्या वाटेला लागली. तिच्या कपाळावर घाम नव्हता. म्हाताऱ्यानं तीन उभ्या रेघांवर तीन आडव्या मारल्या. जुळलं. आम्ही निघालो.

चाळीस किलोमीटर पुढे शहाळ्यांसाठी थांबलो. खिशात हात घातला तर पिन टोचली.

"अगं, टोकन घे तुझं."

शामलानं पिनेकडे बघितलं. "कुणाची ही?"

"तुझीच. आत जाताना नाही का दिलीस?"

"मी कुठे दिली? काहीतरीच तुमचं." तिनं हात पुढे केला. बांगडीत दोन पिना होत्या. त्यातल्या एकीवर लाल दोरा होता.

"घ्या! सुरू झाली मेक्सिकोची थाप," राजाभाऊ म्हणाला. "पिन कुठून आणलीस रे, ह्यूस्टनहून?"

"राजाभाऊ, गाडी वळव. आपण एकाला आत सोडून आलोय."

तो खरंच मोजायला लागला. "ही माझी, ही तुझी, हा मी. आणि तू चौथा, थापाड्या. विमान आहे, हऱ्या."

वहिनी हसल्या. शामलाही हसली. शहाळं तोंडाला लावून ती पाणी पीत होती, डोळे माझ्यावर ठेवून.

थापाड्या माणसाची ही अडचण असते. खरं बोलून काही होत नाही. मग मला जमतं ते मी केलं. खिसे चाचपले, तोंड पाडलं आणि म्हणालो, "पासपोर्टांचं पाऊच. त्या चौथऱ्याशीच राहिलं."

गाडी वळली.

पोहोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. तिघं गाडीत थांबली. मी झाडीतून एकटा गेलो, गुडघ्यांना शिव्या देत. बोगद्याच्या तोंडाला आता फळ्यांचं दार लागलं होतं, बाहेरून कुलूप. म्हातारा सायकलला पिशवी अडकवत होता. मी त्याला पिन दाखवली, दाराकडे बोट केलं. त्यानं शांतपणे वही उघडून माझ्यापुढे धरली. तीन उभ्या, तीन आडव्या. मग काय, परत आलो, शर्टातून पाऊच काढून दाखवलं, शिव्या खाल्ल्या आणि विमान गाठलं.

शुक्रवारी गोष्ट इथे संपते. राजाभाऊ टाळी देतो. त्याच्या इथल्या मुलीची मुलगी स्वरा म्हणते, "अंकल, दॅट्स सो फेक." शामला चहाचा ट्रे आणते आणि म्हणते, "आत राहिली तीच सुखी. पोहे तरी करावे लागत नाहीत." सगळे खदखदून हसतात. मी सगळ्यात जास्त.

आता गाळलेलं.

म्हातारा वही पिशवीत टाकून सायकल ढकलत वाटेला लागला. मी दाराशी गेलो. फळ्यांखाली चार बोटं फट होती. मी फळीला कान लावला.

आधी काहीच नाही. मग आत, दगडावर, काहीतरी बारीक वाजलं. बांगडी.

तीन. थांबून एक.

मी हललो नाही. पुन्हा तीन, थांबून एक. घाई न करता, नीट, मी शिकवलं होतं तसं.

म्हातारा अजून हाकेच्या अंतरावर होता. किल्ली त्याच्या कमरेला होती. हाक मारायला मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात रस्त्यावरून गाडीचा हॉर्न आला. मागोमाग शामलाची हाक.

"अहो, सापडलं का?"

पाच मिनिटांच्या वाटेवरून आलेली हाक, पण इतकी स्पष्ट की मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

दार उघडलं असतं आणि शामला बाहेर आली असती, तर गाडीत बसलेली कोण? तिला घेऊन मी कुठे जाणार होतो? हिला घेऊन कुठे?

"सापडलं," मी ओरडलो.

आत वाजणं थांबलं.

ही शामला वाईट नाही, हेही सांगायला हवं. लॅबला जाते, माझ्या गोळ्या आठवणीनं काढून ठेवते, भांडते ती जुन्याच कारणांवरून. पण पिन मी तिला दिली नाही. रोज शर्ट बदलतो, पिन त्या शर्टातून या शर्टात. इथल्या ऑगस्टमध्ये ओला टॉवेल दहा मिनिटांत पापडासारखा होतो, आणि माझ्या खिशाच्या तळाशी मात्र शंभर फिल्सच्या नाण्याएवढी ओल असते. हुंगलं तर सडक्या अंड्यांचा वास. रिफायनरीतला माणूस म्हटल्यावर त्याचं कुणाला नवल नाही. ओल आहे तोवर आत कुणीतरी आहे, एवढं मी धरून चाललो होतो. पुढच्या ईदला जायचं, म्हाताऱ्याला गाठायचं, दार उघडायचं. एकट्याचं तिकीट तीन वेळा काढायला घेतलं आणि तीन वेळा फोन बंद केला.

परवाच्या शुक्रवारी मंडळी गेल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली. खालच्या मशिदीत दुपारची दुसरी बांग होत होती. बश्या तशाच पडलेल्या.

"गोष्ट रंगते हो तुमची," ती म्हणाली. "एक तेवढं दर वेळी चुकतं."

"काय?"

"वही बघितली आणि लगेच परत आलो, असं सांगता." तिनं एका बशीत दुसरी बशी ठेवली. "दाराखालच्या फटीतून तुमचे बूट दिसत होते. बराच वेळ. डाव्या बुटाची नाडी सुटली होती."

एसी घरघरत होता.

"टोकन ज्याचं त्याला द्यावं, असं तुम्हीच सांगता ना?"

तिनं तळहात पुढे केला.

हरवली, असं म्हणता आलं असतं. खोटं बोलणं मला जमतं. ती नुसता हात तसाच धरून बसली. बांग संपली.

मी पिन दिली.

तिनं ती बांगडीत अडकवली. मी मोजल्या. तीन व्हायला हव्या होत्या. दोनच होत्या.

"आता लावा झाकण," ती म्हणाली आणि बश्या गोळा करून आत गेली.

सकाळी कामावर जाताना शर्ट घातला. खिसा कोरडा होता.