निळा दिवा विझत नाही

सिद्धेशला मिळणार काय होतं? भर समुद्रात मोबाइलवर होणाऱ्या बायकोचा, किशोरीचा चेहरा, न अडकता. बास, एवढंच.

हे ऐकीव नाही. सिद्धेश माझा आतेभाऊ आणि मी त्याच ट्रॉलरवर होतो. रात्रबित्रही नव्हती. गेल्या डिसेंबरातली लख्ख दुपार, देवगडसमोर खोल पाण्यात.

आमच्या मच्छीमार सोसायटीच्या बोटींवर सॅटेलाइट फोनचे सेट आहेत. एरवी सगळ्यांना मिळून एक सामाईक चॅनेल, पाळीपाळीने निरोप जातात. तेव्हा हिरवा दिवा. फोन लावला की त्या बोटीला बोलण्यापुरतं स्वतंत्र चॅनेल मिळतं. तेव्हा निळा. फोन ठेवला की परत हिरवा.

स्वतंत्र चॅनेलं मोजकीच. ती अडली की बाकीच्यांनी थांबायचं.

सिद्धेशने युक्ती काढली. फोन लावायचा आणि रिसिव्हर न ठेवता उशीखाली सरकवायचा. निळा दिवा आपलाच, आणि त्या चॅनेलवर मोबाइलचा व्हिडिओ कॉल अडकत नाही!

"लगीन होयपर्यंत उशीक कान फुटतले रे!" मी चिडवायचो.

नोव्हेंबरात अशाच एका दुपारी सोसायटीच्याच दुसऱ्या बोटीवरून नुरुद्दीनचाचांचा सोसायटीत निरोप आला. 'बोटीत पाणी भरतंय. घरी बायकोशी, वजीराशी बोलायचंय. चॅनेल मिळत नाही.'

बोट सापडली नाही. चाचाही नाहीत.

त्या दुपारी आमचा दिवा निळा होता.

मग ती डिसेंबरातली दुपार. सिद्धेशने केबिनमधून किशोरीला फोन केला आणि या वेळी शहाण्यासारखा रिसिव्हर जागेवर ठेवला.

दिवा निळाच...

त्याने सेटची वायर उपटली.

निळाच...

मी बाहेर जाळं आवरत होतो. केबिनचं दार धाडकन लागलं. त्या दाराला कडीच नाही. तरी मी आणि खलाशी मिळून ओढत होतो, ते हललं नाही.

आत पाणी बुडबुडल्यासारखा आवाज... मग रिसिव्हरमधून, अगदी दमलेला...

"सिद्धेश... ठेव रे आता. माका घराक बोलाचा आसा."

"ठेवलंय चाचा! शप्पत ठेवलंय!"

"खंय ठेवलंस? अजून धरून आसस."

सिद्धेश आतून दार बडवायला लागला. "दादा, पायांत पाणी येता!"

फटीतून मला दिसत होतं. फळ्या कोरड्या होत्या.

मी ओरडलो, "अरे, वजीराचाचीक लाव!"

वायर नसलेल्या सेटवरून त्याने नंबर फिरवला.

रिंग गेली.

"हॅलो..." चाचीचा आवाज.

दार आपोआप उघडलं. सिद्धेश बाहेर पडला तो गुडघ्यांपर्यंत भिजलेला.

परतल्यावर मी चाचींकडे गेलो. मोबाइल कानाला लावून बसल्या होत्या.

"रोज दुपारी तेंचो फोन येता. मी उठलंय तर तुटतलो."

ताटातला भात वाळून गेला होता. लेक सानिया दारात रडत उभी होती.

सेट आम्ही काढायला सांगितला. सोसायटी म्हणते, बिघाड नाही; सेट तसाच आहे.

हिशेब मांडला तर सिद्धेशला किशोरी मिळाली, येत्या मे महिन्यात लग्न आहे. चाचांना त्यांचं चॅनेल मिळालं. किंमत चाची मोजतायत, त्या खोलीत बसून.

आणि रोज दुपारी आमचा दिवा निळा होतो...

तेवढ्या वेळात चॅनेलसाठी कोणती बोट थांबलेली असते, ते आम्हाला कळत नाही.