सहाव्या मजल्यावर राहिलेली पाणसळ

"पातळी बघायची पाणसळ वर राहिली होती, तेवढी आणायची होती," पुन काकांनी सुरुवात केली.

सातव्या चांद्रमहिन्याची, भुतांच्या महिन्याची, चौदावी रात्र, सव्वादहा वाजलेले. मकावच्या जुन्या बंदरावरच्या त्या हॉटेलाचं नूतनीकरण दुसऱ्या वर्षात गेलं होतं. तळमजल्यावर, जिथे पूर्वी जुगाराची टेबलं होती, तिथे आता सिमेंटच्या गोण्यांवर पाच कामगार बसलेले. बाहेर मेलेल्यांसाठी जाळलेल्या कागदांची राख उडत होती. चौघांना भुताची गोष्ट हवी होती. पाचव्या सेंगला भाऊ हवा होता.

थोरला कित इथेच सुतार होता. घरातला एकेक स्क्रू त्याने लावलेला, खाच सरळ उभी. एखादी तिरकी दिसली की जेवणावरून उठून नीट करायचा. गेल्या वर्षी याच रात्री तो नाहीसा झाला. मुकादम पुन काकांनी घरी येऊन, दोन कप चहा ढोसून आईला सांगितलं, पोरगा जुगारघरातल्या कुणा पत्ते वाटणारीबरोबर सीमेपलीकडे झुहाईला पळाला. आईने कितचं नाव घेणं टाकलं. पिकल्या केसांचा माणूस खोटं कशाला बोलेल, म्हणाली.

"माझ्या ओळखीचा एक मुकादम होता. पलीकडे तैपा बेटावर. दुसऱ्याच हॉटेलात."

"काका, तुमच्या ओळखीचं कुणी जिवंत आहे का हो?" लिऊने विचारलं. सगळे हसले.

"तू नूडल्स गिळ रे, भोपळ्या! तर... कामाच्या पहिल्या दिवशी भाजलेलं डुक्कर ठेवून पूजा करायची. मग एकेका खोलीचं दार तीनदा ठोठवायचं आणि बाजूला सरायचं. आत जो असेल त्याला निघायला वाट. पण जुनी दारं नेणारा ट्रक आदल्याच दिवशी आला. मुकादम म्हणाला, आधी दारं उतरवा. शहाण्णव दारं गेली, बिजागऱ्यांसकट. दुसऱ्या दिवशी पूजा झाली. पण ठोठवणार कशावर?"

आता कुणी हसलं नाही.

"एक सुतार रोज डोकं खायचा. एक तरी दार लावा, ठोठवू द्या. मग अशाच एका रात्री पाणसळ सहाव्या मजल्यावर राहिली. मुकादमाने त्यालाच पाठवलं... मुद्दाम. फोन चालू ठेव म्हणाला, घाबरलास तर आम्हालाही ऐकू दे."

काकांची सिगरेट विझली होती. ते तशीच ओढत राहिले.

"वर वीज नव्हती. दोन्ही बाजूंना उघड्या चौकटी. काळ्या. तो टोकाला पोचला. म्हणाला... इथे दार आहे. सहाशे आठला. त्याने ठोठावलं. तीनदा. बाजूला सरला. कुणी आलं नाही. मग..."

"मग?"

"मग आतून ठोठावलं. तीनदा. ...आतले बाजूला सरले होते. त्याला आत यायला वाट देत होते."

वरच्या मजल्यांवर एक प्लास्टिक फडफडलं आणि थांबलं.

सेंगने विचारलं, "फोन कुणी ऐकला, काका?"

"...मुकादमाने."

"तो वर गेला?"

काकांनी विझलेली सिगरेट जमिनीवर चुरगळली.

"गेला का?"

"जिन्यापर्यंत."

"आणि माझ्या आईकडे चहा प्यायला मात्र पोचला. म्हाताऱ्या, उद्या हे सगळं तिच्यासमोर बोलायचं. नाही बोललास तर तुला फरफटत नेईन."

काका रडायला लागले. सेंगला त्याची दया आली नाही.

सकाळी सातला म्हातारा आईसमोर बोलला, मान खाली घालून. आई एवढंच म्हणाली, "खोली दाखव."

सहावा मजला उन्हाने भरला होता. सगळ्या चौकटी उघड्या. सहाशे आठचीही. ती काल संध्याकाळी सेंगनेच घासून ठेवली होती. जुनी भोकं तेवढी होती.

आज त्या भोकांवर तीन नव्याकोऱ्या बिजागऱ्या होत्या. खाली लाकडाचा ताजा कीस.

आईने वाकून एकेका स्क्रूवरून बोट फिरवलं. बारा स्क्रू. बाराही खाचा सरळ उभ्या.

मग तिने चौकटीच्या लाकडावर तीनदा ठोठावलं, आणि बाजूला सरली.