कोपऱ्यातली सही

दिवा राहू दे, पण जरा आवाज कमी करा रे. हे माझ्या मेहुण्याच्या बाबतीत घडलंय, म्हणजे घरातलंच. ज्याला हसायचंय त्यानं आत्ताच हसून घ्या.

मेहुणा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पण जीव अडकलेला खऱ्या चित्रांत. चित्रकलेचे मास्तर म्हणाले, "संग्रहालयातलं ते म्हातारीचं चित्र बघून जसंच्या तसं काढ. तिचे हात जमले, तर शुक्रवारी तुला शिकायला घेतो. नाहीतर पाट्या आहेतच." शंभर वर्षांपूर्वीच्या थोर चित्रकाराचं काम ते! गडी महिनाभर तिच्यासमोर बसला. चेहरा जमला, हात काही जमेनात.

आणि मग एक विचित्रच सुरू झालं. संध्याकाळी त्याच्या नकलेत वाकडं राहिलेलं बोट सकाळी सरळ. एकदा नाही, तीनदा. नक्कल रात्री तिथंच दालनात असायची, आणि किल्ली फक्त रखवालदाराकडे. मेहुणा म्हणाला, पाणी इथंच मुरतंय.

गुरुवारी रात्री सव्वानऊला तो तेलाची बाटली आणायला परत गेला.

"लवकर आटपा, भाऊ," रखवालदार म्हणाला.

यानं बाटली उचलली, "निघालो हं!" म्हणून ओरडला आणि कपाटामागे दडला. बाहेरून कुलूप लागलं.

दहा वाजले. अकरा. कुणी आलं नाही. पावणेदोनला डोळा लागला...

जाग आली, तेव्हा तो आपल्या चित्रासमोर उभा होता. हातात ब्रश. आणि मनगटावर... कुणाचा तरी हात.

थंड.

लहान मुलाला अक्षर गिरवायला लावतात, तसा. मागे बघवेना. एक बोट झालं. दुसरं...

पकड सुटली.

हात हुबेहूब उतरले होते. मेहुणा घाबरला होताच, पण खरं सांगतो, त्याला हावही सुटली. सवयीनं त्यानं कोपऱ्यात स्वतःचं नाव घातलं.

मागे कुणीतरी श्वास सोडला.

सकाळी मास्तर आले. "हात कुणी काढले?"

"मी."

मास्तर वाकून बघायला लागले. नकलेचा कोपरा कोरा होता. त्यांनी मूळ चित्राकडे बोट दाखवलं. म्हातारीच्या पायाशी मेहुण्याचं नाव!

"चित्राची वाट लावलीत, भाऊ!" रखवालदार ओरडला.

मास्तरांनी नखानं खरवडून पाहिलं. निघेना. मग भिंग लावलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मी नाही शिकवू शकत तुला," ते हळूच म्हणाले. "तुला आधीच कुणीतरी धरलंय."

भिंग त्यांनी मेहुण्याच्या हातात दिलं. जुन्या रंगाला बारीक भेगा पडतात ना? त्या भेगा त्याच्या नावातून आरपार गेल्या होत्या.