तीस सेकंदांची मर्यादा

बालीगंजच्या फ्लॅटमध्ये त्या सकाळी एकवीस खोकी, दोन ट्रंका आणि एक छोटा संगणक होता. बाबांच्या बँकेने त्यांची नागपूरला बदली केली होती. संगणक विहंगदादाचा. पाणपक्ष्यांची त्याची वेबसाइट त्याच्यावरूनच चालायची. दीड वर्षापूर्वी दादा सुंदरबनात होडीतून गेला. होडी सापडली.

मी वायर काढून संगणक ट्रंकेत ठेवला. साइट बंद झाल्याची खात्री करावी म्हणून लॅपटॉपवर दादाचीच कमांड टाइप केली. तिच्यामागे एखादं मुख्य केंद्र नाही. सात देशांतल्या सात अनोळखी माणसांचे संगणक एकमेकांना न विचारता साइट उघडून बघतात आणि काय दिसलं ते कळवतात.

सातही ठिकाणांहून आलं: चालू. प्रतिसाद २.६ सेकंद.

मी भौतिकशास्त्र शिकले आहे. टोकियोहून आणि लिस्बनहून लागणारा वेळ सारखा असू शकत नाही. हा सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत सारखा होता. मी ट्रंक उघडून हात लावून पाहिला. संगणक गार होता.

दुसऱ्या दिवशी ५.२. मग १०.४. मग २०.८. आईला सांगितलं, ही माझी चूक.

"वेळ का वाढतोय गं?"

दुप्पट वेळ म्हणजे दुप्पट अंतर; उत्तर देणारा दर वेळी दुप्पट लांब गेलेला असतो, एवढं मला कळत होतं. "नेटवर गर्दी असेल," मी म्हणाले.

पाचव्या दिवशी सातही ठिकाणांहून आलं: बंद.

"किती वेळ थांबलीस?"

"तीस सेकंद. मर्यादाच तेवढी आहे, आई."

"तीसच? तुझी वेणी होईपर्यंत तो रोज दप्तर घेऊन दारात उभा असायचा, आभा."

मी मर्यादा काढून टाकली. चालू. ४१.६.

शनिवारी ट्रक आला. ट्रंकाही गेल्या. रिकाम्या खोलीत मासळीबाजाराचा वास भरून राहिला.

"सरला, पुरे आता," बाबा म्हणाले. "काय फरशीवर बसणार आहेस?"

"बसते की. गर्दी ओसरली की उत्तर लवकर येईल. विचारा तुमच्या शास्त्रज्ञ लेकीला."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपचा चार्जर पुन्हा भिंतीत लावला. ते एकटेच गेले.

आता एक उत्तर आलं की आई लगेच पुढचं विचारायला लावते. सोळाव्या उत्तराला जवळजवळ एक दिवस लागला. याच हिशेबाने तिसाव्याला चव्वेचाळीस वर्षं लागतील. आई चौपन्न वर्षांची आहे.

खरं सांगायचं ठरवून मी दोनदा तिच्याशेजारी बसले.

दोन्ही वेळा ती स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली, "हळू बोल."

काल दुपारी अठरावं उत्तर आलं. सातपैकी सात ठिकाणी चालू. प्रतिसाद: तीन दिवस, बावीस तास, एकोणचाळीस मिनिटं, सत्तेचाळीस सेकंद.