उडीच्या खड्ड्यातली वाळू

“खोटारडी म्हणाले मला! सगळ्यांसमोर!”

टिटवीने रुमाल गुंडाळलेला तळहात टेबलावर आपटला आणि स्वतःच कळवळली. सुट्टीतल्या सरावात लांब उडी मारून वाळूत हात टेकला, तर ही चीर! वाळूत काहीतरी टोचतंय असं सांगायला गेली, तर खेळाचे सर म्हणाले, “उडी कमी पडली म्हणून खोटं बोलतेस? नाचता येईना, अंगण वाकडं! खोटारडी!” आणि स्पर्धेच्या संघातून तिचं नावच काढून टाकलं. खड्ड्यात बघायचे कष्ट मात्र घेतले नाहीत. याला काय न्याय म्हणायचं?

“रडून काय होणार?” तिचा मावसभाऊ म्हणाला. ऊठसूट शंका काढतो म्हणून त्याला सगळे शंकासुर म्हणत. त्याने खड्ड्यातली बादलीभर वाळू शाळेच्या प्रयोगशाळेत आणली होती.

“मी रडत नाहीये! मला राग आलाय!”

“मग रागारागाने पाणी आण!” धाकटा भाऊ शेपूट म्हणाला. ताई जाईल तिथे हा हजर!

रसायनशास्त्राच्या बाई कपाटं लावत होत्या. “काही फोडलंत तर बघा हं!” एवढं बजावून त्यांनी परवानगी दिली.

वाळू पाण्यात घालून ढवळताच वर पिवळसर थर तरंगला.

“लाकडाचा भुसा!” शेपूट ओरडला.

“भुशाने हात कापतो होय?” शंकासुराने भुसा गाळून घेतला आणि वाळू उन्हात वाळवली. मग लोहचुंबकाला कागद गुंडाळून तिच्यातून फिरवला. कागदावर काळे तुकडे चिकटले. चुंबक बाजूला करताच ते टपटप खाली पडले. चांगले धारदार!

“लोखंडाचा कीस! आणि मी खोटारडी?” टिटवी कडाडली.

“थांब, अजून काहीतरी चमकतंय. चुंबकाला चिकटत नाही, पण जड असेल तर?”

त्याने वाळू बशीत घेऊन पाण्यात गोल गोल हलवली. हलकी वाळू वाहून गेली आणि तळाशी सोनेरी कण उरले.

“सोनं!” शेपूट किंचाळला.

“पितळ आहे रे, शहाण्या!” बाई हसत म्हणाल्या. “कपाटांच्या या नव्या मुठींचं आहे तसंच. मुठी आपल्याच कार्यशाळेत बनल्यात.”

तिघं धावतच कार्यशाळेत पोचली. एकाच खोलीत सुतारकाम आणि लोखंड-पितळेचं काम, झाडू एक, कचऱ्याचं पोतंही एकच!

“हे पोतं कुठे जातं?” टिटवीने विचारलं.

“खेळाचे सर नेतात की!” कार्यशाळेचे सर म्हणाले. “भुसा टाकला की वाळू मऊ होते म्हणे.”

टिटवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे कचरा सरांनीच टाकला आणि खोटी ठरली ती!

बाईंना घेऊन तिघं तडक मैदानावर गेली. भुसा, लोखंड, पितळ, तीन पुड्या बघून सर वरमले. “मी आपला चांगल्यासाठीच... बरं, झालं गेलं विसर. तुझं नाव परत घेतो.”

“खोटारडी सगळ्यांसमोर म्हणालात, सर!”

सरावाची मुलं गोळा झाली होती. सरांनी घसा खाकरला. “ही खरं बोलत होती. चूक माझी झाली.”

“शाबास, पोरांनो! अशी चिकाटी हवी!” बाईंनी तिघांच्या पाठी थोपटल्या.

सरांना हायसं वाटलं. “चल, मग मारतेस ना उडी?”

“या खड्ड्यात?” टिटवीने कमरेवर हात ठेवले. “आधी तुम्ही मारा, सर!”