एका गावाचं राज्य

यामिनी खुर्चीवर बसायला आली, तर चार नंबरच्या कॉम्प्युटरवर कुणाचं तरी राज्य उघडंच पडलेलं!

जळगावच्या नव्या पेठेतला तो क्लास. चपला खाली जिन्यात काढायच्या, आत एसीत कुडकुडायचं, आणि सर जेवायला गेले की खुशाल गेम खेळायचा. पडद्यावर इवलंसं गाव होतं, वेशीबाहेर दोन घोडेस्वार. यामिनीनं कुठलंसं बटण दाबलं आणि घोडेस्वार गायब.

“मन्हा घोडा कोठे गयात?”

मागे आधीच्या बॅचचा मुलगा उभा होता. उंच, सावळा, विसरलेला डबा न्यायला परत आलेला.

“मोडीत काढले,” ती म्हणाली. चूक कबूल करणं तिला कधी जमलंच नव्हतं. “नुसतेच तर उभे होते.”

तो रागावेल असं वाटलं, पण तो हसला… आणि तिला उगाचच ओढणी सारखी करावीशी वाटली.

त्याचं नाव गिरधर. शिरपूरकडच्या खेड्यातला, इथे मामाकडे राहायचा.

“आजोबांचं नाव घेऊन फिरतोस की काय?”

“फिरतोय खरा. आजोबा अजून परत मागत नाहीत.”

त्या गेममध्ये घाई नव्हती. आपण एक चाल करायची, मग शेजारचे राजे आपापली करणार. बाकीची मुलं पटापट गावं जिंकत सुटायची. गिरधरनं मात्र स्वतःला अटी घालून घेतल्या होत्या. गाव एकच ठेवायचं, तेच शेवटपर्यंत टिकवून जिंकायचं. दुसऱ्याचं घ्यायचं नाही. आणि केलेली चाल परत घ्यायची नाही. गेम ती घेऊ द्यायचा, गिरधर नाही.

“पण हे सांगितलंय कोणी?”

“कुणीच नाही. म्हणून तर पाळायचं.”

झालं! एवढ्याशा वाक्यावर आमची यामिनी भाळली. लोक डोळ्यांवर भाळतात, गाण्यावर भाळतात. ही भाळली अटीवर.

मग तो रोज बॅच संपली तरी रेंगाळू लागला, ती रोज लवकर येऊ लागली. एक चाल त्याची, एक तिची. माउसवर बोटाला बोट लागायचं… दोघंही पडद्याकडेच बघत राहायचे. एके दिवशी गावाच्या डोक्यावर नाव दिसलं – यामिनी.

“हे काय?”

“राखायला बरं पडतं,” तो कानापर्यंत लाल होत म्हणाला.

उन्हं तापायला लागली तेव्हा तो एकदा खाली बघतच बोलला, “हा डाव याच अटींवर जिंकलो ना… की तुझ्या अण्णांसमोर येऊन उभा राहीन.”

“आणि हरलास तर?”

“हरायचं नाही.”

जात आड नव्हती, घर आड नव्हतं. तिचे वडील, अण्णा, तर वाघ नव्हतेच. पण गिरधरला धीर हवा होता, आणि तो त्यानं त्या खुळ्या डावात ठेवला होता.

एका दुपारी तो म्हणाला, भिंत बांधू. ती म्हणाली, छे, आधी देऊळ, गाव कसं शोभेल! तिची पाळी होती, देऊळ झालं. पुढच्याच चालीला शेजारचा राजा चालून आला आणि ‘यामिनी’ हे नाव पडद्यावरून पुसलं गेलं.

“मागची चाल परत घे ना रे. आता भिंत बांधू.”

“नियम शे, यामिनी.”

“आपणच केलेला!”

“म्हणूनच मोडवत नाही. हाच मोडला, तर अण्णांसमोर कशाच्या जोरावर उभा राहू?”

माझ्या जोरावर – हे शब्द अगदी ओठांवर आले होते तिच्या. पण रागानं वाट अडवली. “मग बस नियम कवटाळून!” म्हणत ती तरातरा जिना उतरली. तो मागे येईल म्हणून पेठेच्या कोपऱ्यावर उगाच थांबली. तो आला नाही.

त्याच आठवड्यात भुसावळहून पाहुणे आले. मुलगा रेल्वेत. अण्णांनी तिला आतल्या खोलीत नेऊन हळूच विचारलं, “पोरी, तुझ्या मनात कुणी आहे का? आत्ताच सांग.” तिला भरून आलं. हरल्यावर जो बसून राहिला, त्याचं नाव कोणत्या तोंडानं घ्यायचं? “कुणी नाही,” ती म्हणाली. भाऊबंदांसमोर सुपारी फुटली.

ती सर्टिफिकेट घ्यायला क्लासात गेली, तेव्हा खोली रिकामी होती. तेवढ्यात धडधड जिना चढत गिरधर आला. तिला जाताना त्यानं रस्त्यावरून पाहिलं होतं.

“थांब… हे बघ!” त्यानं घाईघाईनं फ्लॉपी घातली. पडद्यावर गाव उभं होतं, भोवती भिंत, वर तिचं नाव. “मी चाल परत घेतली, यामिनी. नियम गेला खड्ड्यात. भिंत बांधली, जिंकलो! आज संध्याकाळी येऊ तुझ्या घरी?”

किती छान दिसत होता तो. तिनं हात पडद्याजवळ नेला आणि गावावरून बोट फिरवलं. बोटातली नवी अंगठी त्यानं तेव्हा पाहिली.

“केव्हा?”

“गुरुवारी. सुपारी फुटली रे… चारचौघांत अण्णांनी शब्द दिला.”

“तुला विचारलंही नाही?”

“विचारलं होतं.”

एसी घरघरत राहिला.

“मन्हं चुकनं,” तो म्हणाला.

“माझंही.” आयुष्यात पहिल्यांदा तिनं चूक कबूल केली, आणि त्याचा आता काहीच उपयोग नव्हता. “फार आवडतोस मला, गिरधर. एवढं ऐकून ठेव.”

तो काहीतरी बोलायला गेला. ती थांबली नाही. थांबली असती तर निघणं झालं नसतं.

खाली जिन्यात तिच्या एकटीच्याच चपला होत्या. चपला काढायचा नियमसुद्धा कधी न चुकवणारा तो मुलगा आज पायातल्या चपलांनिशी वर धावत आला होता. हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. एक चप्पल पायात, एक हातात, अशी ती तिथेच पायरीवर बसली आणि पोटभर रडली.